तेरा संघ फिरलेला बॉलर यशस्वी म्हणायचा की नाही? (बेसबॉल)

वाटसरू_ह्यूस्टन

बेसबॉलचा धागा काढला की पहिला प्रतिसाद 'आम्हाला काय त्याचं' असा येतो, म्हणून आधीच सांगतो, क्रिकेटवाल्यांनीही बसा. वाद घालण्यासारखा विषय आहे.

ऑफिसात जेवताना ऑक्टाव्हियो दोतेलचा विषय निघाला. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सान्तो दोमिंगोचा उजव्या हाताचा पिचर. १९९९ ते २०१३ मध्ये मेजर लीगच्या तेरा संघांकडून खेळला. यादी वाचताना दम लागतो: मेट्स, अ‍ॅस्ट्रोज, ओकलंड, यांकीज, कॅन्सस सिटी, अटलांटा, शिकागो व्हाइट सॉक्स, पिट्सबर्ग, डॉजर्स, कोलोरॅडो, टोरांटो, सेंट लुइस, डेट्रॉइट. २०१२ मध्ये डेट्रॉइटकडून उतरला तेव्हा तो विक्रम झाला. त्याआधी बारा संघांपर्यंत माइक मॉर्गन, मॅट स्टेअर्स आणि रॉन व्हिलोन असे तिघे पोचले होते.

आमच्या टेबलावरच्या एकाचं म्हणणं असं की तेरा जणांनी हाकलला म्हणजे माणसातच काहीतरी खोट असणार. मला हे अजिबात पटलं नाही. ७५८ सामने, १०९ सेव्ह, ९५१ इनिंगमध्ये ११४३ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद). असल्या आकड्यांच्या माणसाला हाकलतात होय? माझ्या मते रिलीफ पिचरच्या धंद्यात इतके संघ होणं म्हणजे बाजारात पंधरा वर्षं मागणी टिकणं. तुम्हाला काय वाटतं?

चौथा_स्लिप

पहिला! आम्हाला काय त्याचं. (हलके घ्या.)

रिलीफ पिचर म्हणजे नक्की काय ते मात्र सांगा. आमच्याकडे टीव्हीवर अमेरिकन सिनेमात तंबाखू चघळणारे लोक दिसतात, तेवढंच बेसबॉल ठाऊक.

बंड्या_बॅट

तेरा संघ? एवढ्या वेळा तर आमच्या तालुक्याचा तहसीलदारही बदलत नाही.

वाटसरू_ह्यूस्टन

@चौथा_स्लिप, थोडक्यात सांगतो.

सामना नऊ इनिंगचा. सुरुवात करतो तो स्टार्टर. तो पाचसहा इनिंग टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती. तो दमला किंवा मार खायला लागला की जे येतात ते रिलीव्हर. मैदानाच्या कडेला कुंपणामागे त्यांचा वेगळा गोठा असतो, त्याला बुलपेन म्हणतात. तिथे सात-आठ जण बसलेले असतात आणि एक टेलिफोन असतो. डगआउटमधून मॅनेजरचा फोन आला की ज्याचं नाव घेतलं तो उठून हात गरम करायला लागतो.

क्रिकेटपेक्षा मोठा फरक असा की एकदा बाहेर काढलेला बॉलर त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. बुमराहला सोळावं षटक देऊन पुन्हा अठरावं देता येतं, इथे तसं नाही. त्यामुळे कुणाला कधी आणायचं यावर मॅनेजरची नोकरी अवलंबून असते. शेवटच्या इनिंगमध्ये तीन किंवा कमी धावांची आघाडी राखून सामना संपवला तर 'सेव्ह' मिळतो. जेरोम होल्ट्झमन नावाच्या शिकागोच्या क्रीडा पत्रकाराने ही कल्पना काढली आणि १९६९ पासून ती अधिकृत आकडेवारीत आली. सेव्ह घेणारा तो क्लोजर, त्याला नाव आणि पैसा. त्याच्या आधी सातवी-आठवी इनिंग टाकणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.

दोतेल दोन्ही होता. थोडी वर्षं क्लोजर, बाकी सगळी आठव्या इनिंगचा हमाल.

जोशीबुवा

धागाकर्त्याशी असहमत.

मारियानो रिव्हेरा बघा. एकोणीस मोसम, सगळे यांकीजकडे, ६५२ सेव्ह. हॉल ऑफ फेममध्ये गेला तो एकही मत विरोधात न जाता. त्याला कुणी सोडला का? कारण सोडणं परवडणारच नव्हतं. जो खरोखर हवा असतो त्याला लोक धरून ठेवतात. दोतेल उपयोगी होता, मान्य. पण प्रत्येक संघाने 'ठीक आहे, याच्यावाचून अडणार नाही' असं ठरवलं हेही तितकंच खरं. २००६ मध्ये यांकीजकडे रिव्हेराच्याच शेजारी बसायला मिळालं तेव्हा यांनी काय केलं? चौदा सामने, १०.८० चा ईआरए. म्हणजे नऊ इनिंगमागे जवळपास अकरा धावा.

मागणी असणं आणि किंमत असणं यात फरक आहे.

फिजिओ_ताई

जोशीबुवा, २००६ चा आकडा देताना २००५ सोडून दिलंत तुम्ही. त्या जूनमध्ये दोतेलची टॉमी जॉन सर्जरी झाली होती. ऑगस्ट २००६ मध्ये तो परत बॉल टाकत होता. कोपर नव्याने बांधलेल्या माणसाचे पहिले चौदा सामने ते.

ही सर्जरी माझ्या कामाचा भाग आहे म्हणून थोडं लांबवते. बॉल फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर प्रचंड ताण येतो आणि कधीतरी ते तुटतं. १९७४ पर्यंत तुटलं की पिचर घरी. त्या वर्षी डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डॉजर्सच्या पिचरच्या दुसऱ्या हातातलं टेंडन काढून कोपराच्या हाडांना भोकं पाडून त्यातून ओवलं. तो माणूस पुढे १९८९ पर्यंत खेळला.

कुठलं टेंडन ते घरी बसल्या बघता येतं. तळहात वर करा, अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. तीच ती. काढली तरी रोजच्या वापरात फरक पडत नाही. काही लोकांना ती जन्मतःच नसते, मग मांडीतली घेतात.

परत यायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. वेग आधी येतो, नेम नंतर येतो. म्हणून पहिल्या मोसमाच्या आकड्यांवरून कुणाला जोखू नये.

बंड्या_बॅट

डाव्या हाताला दोरी आहे, उजव्याला नाही. आता झोप लागणार नाही.

चौथा_स्लिप

दोन्हीकडे आहे. बायकोला नाही. ती म्हणते मग मला पिचर व्हायचंच नव्हतं.

फिजिओ_ताई

@बंड्या_बॅट, अगदी नॉर्मल आहे. झोपा.

विदावाला

हाकलला की मागितला हा वाद अंदाजाने कशाला घालायचा? बदल मोजू.

तेरा संघ म्हणजे बारा बदल. त्यातले सहा ट्रेड आहेत. डिसेंबर १९९९ मध्ये मेट्सकडून ह्यूस्टनला, माइक हॅम्प्टनच्या बदल्यात जे गेले त्यांतला एक हा. जून २००४ मध्ये ह्यूस्टनहून ओकलंडला, तीन संघांच्या त्या व्यवहारात कार्लोस बेल्त्रान ह्यूस्टनला आला. जुलै २००७ मध्ये कॅन्सस सिटीहून अटलांटाला. जुलै २०१० मध्ये पिट्सबर्गहून डॉजर्सना, सप्टेंबरमध्ये डॉजर्सकडून कोलोरॅडोला. जुलै २०११ मध्ये टोरांटोहून सेंट लुइसला. उरलेले सहा वेळा करार संपला आणि त्याने फ्री एजंट म्हणून दुसरीकडे सही केली.

ट्रेड म्हणजे समोरच्याने स्वतःचा खेळाडू देऊन याला मागून घेतला. हॅम्प्टन आणि बेल्त्रान ही त्या वेळची मोठी नावं होती. मोसमाच्या मध्यात काढून टाकला आणि रस्त्यावर आला असं यात एकदाही दिसत नाही.

फिजिओ_ताईंच्या प्रतिसादाला जोड: सर्जरीच्या आधीचे संघ तीन, नंतरचे दहा. तेराचा आकडा कोपर दुरुस्त झाल्यावर झालाय.

जोशीबुवा

विदावाले, तुमची मोजणी मान्य, निष्कर्ष नाही. सहा वेळा करार संपला तेव्हा आधीच्या मालकाने 'थांब, इथेच सही कर' का नाही म्हटलं? तो रकाना तुमच्या तक्त्यात नाही.

निवांत_नगरकर

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

मधुरा_के

मी तेव्हा सेंट लुइसला होते, २०११ चं ऐका. दोतेल म्हटलं की मला तो फोनच आठवतो.

वर्ल्ड सिरीज म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, कार्डिनल्स (सेंट लुइसचा संघ) विरुद्ध टेक्सास, २-२ बरोबरी. पाचवा सामना आर्लिंग्टनला, २४ ऑक्टोबर. आठवी इनिंग, २-२. दोतेल आला. मायकेल यंगने डबल मारला, म्हणजे एका फटक्यात दुसरा बेस गाठला. मग दोतेलने बेल्त्रेला स्ट्राइकआउट केलं. पुढचा नेल्सन क्रूझ, त्याला मुद्दाम चार चेंडू बाहेर टाकून पहिल्या बेसवर पाठवलं (याला वॉक म्हणतात). इथे मॅनेजर टोनी ला रुसाने दोतेलला काढून डावरा झेप्चिन्स्की आणला. त्याच्या बॉलवर मर्फीची सिंगल पडली आणि बेस भरले.

आता समोर उजव्या हाताचा माइक नॅपोली. ला रुसाला जेसन मॉट हवा होता. तो बुलपेनकडे बघतो तर मॉट गरमच झालेला नाही. फोन केला होता, पण प्रेक्षकांच्या गोंगाटात पलीकडे मॉटचं नाव ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा फोन केला तर 'लिन' असं ऐकू गेलं. झेप्चिन्स्कीलाच ठेवावं लागलं आणि नॅपोलीने दोन धावांचा डबल ठोकला. नंतर लान्स लिन धावत मैदानात आला, ज्याला त्या दिवशी विश्रांती द्यायची ठरलं होतं. त्याला बघून ला रुसा चकित! लिनने एका बॅटरला मुद्दाम वॉक दिला आणि मग मॉट आला.

सामना गेला ४-२. पराभव कुणाच्या नावावर? दोतेलच्या. कारण पुढे टाकणारी धाव यंगची, आणि यंगला बेसवर त्याने येऊ दिलं होतं. तो डगआउटमध्ये टॉवेल घेऊन बसला होता, फोन भलताच कुणीतरी ऐकत होता आणि रेकॉर्डबुकात हार याची.

निवांत_नगरकर

म्हणजे अमेरिकेतही 'हॅलो, आवाज येत नाहीये' चालतं. बरं वाटलं.

चौथा_स्लिप

मधुराताई, मग जिंकलं कोण? अर्ध्यात सोडू नका.

मधुरा_के

कार्डिनल्स! सहाव्या सामन्यात दोनदा एका स्ट्राइकवर हार आली होती, दोन्हीदा वाचले, अकराव्या इनिंगला डेव्हिड फ्रीसने होमरन मारली. त्या रात्री आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी झोपलं नाही. सातवा सामनाही जिंकला. दोतेल दोन्ही सामन्यांत टाकून गेला. सदतिसाव्या वर्षी, बाराव्या संघाकडून, विजेत्यांना मिळणारी पहिली अंगठी.

त्याच बुलपेनमध्ये आर्थर ऱ्होड्स होता, बेचाळीस वर्षांचा. तो त्याच मोसमात आधी टेक्सासकडे होता, त्यांनी काढून टाकल्यावर कार्डिनल्सने घेतला. म्हणजे वर्ल्ड सिरीज कुणीही जिंको, अंगठी याला मिळणारच होती. आणि विसाव्या मोसमातली त्याची ती पहिलीच वर्ल्ड सिरीज.

बंड्या_बॅट

ऱ्होड्सला दंडवत. याला म्हणतात दोन्ही पक्षांकडून तिकीट.

तासिका_प्राध्यापक

बेसबॉल कळत नाही, पण धागा सोडवत नाहीये.

मी मराठवाड्यात तासिका तत्त्वावर शिकवतो. जूनमध्ये मुलाखत, जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्डर, मार्चमध्ये संपलं, पुढच्या जूनला दुसऱ्या कॉलेजात पुन्हा मुलाखत. दरवेळी समितीतला एखादा विचारतो, 'इतकी कॉलेजं का बदलली?' जणू मीच कंटाळून सोडली. तुमच्या ऑफिसातल्या माणसाचं वाक्य वाचून तोच आवाज कानात आला. त्यामुळे माझं मत दोतेलच्या बाजूने, आकडे न बघता.

जोशीबुवा

सर, तुमच्याबद्दल आदर आहे, पण तुलना चुकतेय. कॅन्सस सिटीने दोतेलला २००७ साठी ५० लाख डॉलर दिले. व्हाइट सॉक्सने नंतर दोन वर्षांचे १ कोटी १० लाख. एवढे पैसे मिळणार असतील तर मी दर महिन्याला कॉलेज बदलेन.

तासिका_प्राध्यापक

पैशांची तुलना नाहीच केली बुवा. प्रश्न विचारण्याच्या पद्धतीची केली.

रात्रपाळी

जोशीबुवांनी पैसा काढलाच आहे तर खालचा मजलाही बघू. दोतेल हा या जमातीतला श्रीमंत माणूस. बहुतेक रिलीव्हर मेजर लीग आणि ट्रिपल-ए (तिच्या लगेच खालची लीग) यांच्यामध्ये बॅग घेऊन फिरतात. मी रात्रीच्या शिफ्टला काम करताना ट्रिपल-एचे सामने रेडिओवर लावून ठेवतो, त्यामुळे ही नावं तोंडपाठ झालीत.

व्यवस्था अशी: ४० जणांची यादी, त्यातले २६ मुख्य संघात. तरुण खेळाडूला तीन मोसमांपर्यंत 'ऑप्शन' वापरून खाली पाठवता येतं आणि हवा तेव्हा वर बोलावता येतं. बुलपेनमधला कुणी काल चाळीस चेंडू टाकून दमला? त्याला खाली पाठवा, ताज्या हाताचा वर आणा. एका मोसमात किती वेळा हा खेळ करायचा याला मर्यादाच नव्हती. २०२२ च्या करारात ती पाच केली. पाचसुद्धा कमी नाहीत. बायकापोरं एका गावात, सामान दुसऱ्या गावात, आणि सकाळी सहाचं विमान.

ऑप्शन संपले की पुढची पायरी 'डीएफए'. चाळिसाच्या यादीतून नाव काढतात आणि सात दिवसांत निकाल लागतो: कुणी ट्रेड करून किंवा उचलून नेलं तर ठीक, नाहीतर खालच्या लीगमध्ये किंवा घरी.

आता पैसे. मेजर लीगचा किमान पगार २०२५ मध्ये मोसमाला ७ लाख ६० हजार डॉलर. पण तो दिवसावर. वर जितके दिवस तितकेच मिळतात. चाळिसाच्या यादीत नसलेल्याला ट्रिपल-एमध्ये २०२३ च्या करारानुसार वर्षाला किमान ३५,८०० डॉलर, आणि हासुद्धा युनियन झाल्यावरचा आकडा आहे. म्हणून या लोकांना दिवस मोजायची सवय असते. वर एक दिवस काढला तरी आरोग्य विम्याच्या योजनेचा हक्क. ४३ दिवस भरले की पेन्शनला पात्र. दहा वर्षं भरली की पूर्ण पेन्शन. बेचाळिसाव्या दिवशी खाली पाठवलेल्या माणसाच्या मनात काय येत असेल विचार करा.

निवांत_नगरकर

हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा).

विदावाला

रात्रपाळी यांच्याशी सहमत, एक नियम जोडतो. पूर्वी डावऱ्या बॅटरपुरता एक डावरा रिलीव्हर ठेवायचे. यायचं, तीन-चार चेंडू टाकायचे, घरी जायचं. असं करत जेसी ओरोस्को १२५२ सामने खेळला. तो आजही विक्रम आहे. शेवटचा मोसम खेळला तेव्हा वय ४६. २०२० पासून आलेल्या पिचरने किमान तीन बॅटर तरी खेळवायचे किंवा इनिंग संपवायची असा नियम झाला आणि ती जागाच बंद झाली. दोतेल उजवा होता, पण २०११ च्या प्लेऑफमध्ये ला रुसा त्याला मिलवॉकीच्या रायन ब्रॉनसमोर असाच नेमका आणायचा.

सांगलीकर_अण्णा

रिंकू सिंग विसरलात का सगळे? तोही रिलीफ पिचर होता, अमेरिकेत.

चौथा_स्लिप

अण्णा, रिंकू सिंग केकेआरचा फलंदाज आहे हो. यश दयालला शेवटच्या षटकात पाच षटकार मारले तो. कुठल्या धाग्यावर आलात?

सांगलीकर_अण्णा

अरे तो नव्हे रे बाबा. तोही उत्तर प्रदेशचा, हाही उत्तर प्रदेशचा, म्हणून घोळ होतो. हा २००८ चा. एका अमेरिकन एजंटने भारतात सगळ्यात वेगाने आणि नेमका बॉल फेकणारा शोधायची स्पर्धा घेतली. हा भालाफेकीतला पोरगा जिंकला आणि त्याला एक लाख डॉलर मिळाले. सोबत दुसरा दिनेश पटेल, तोही भालाफेकवाला. दोघांनी आयुष्यात बेसबॉल हातात धरला नव्हता. त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सने दोघांना करार दिला.

दिनेश दोन मोसमांनी परतला. रिंकू डावरा, तो टिकला. २००९ मध्ये अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल सामना जिंकणारा पहिला भारतीय नागरिक झाला. २०११ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या सिंगल-ए संघापर्यंत पोचला. पुढे कोपर गेलं, फिजिओताई म्हणतात तीच सर्जरी. मेजर लीग काही झाली नाही. नंतर कुस्तीत गेला, डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान नावाने, कपाळाला टिळा लावून.

आणि गंमत बघा, २०१० मध्ये दोतेल पायरेट्सचा क्लोजर होता. म्हणजे एकाच मालकाच्या पगारावर दोघे, एक सगळ्यात वर, एक जवळजवळ सगळ्यात खाली.

चौथा_स्लिप

वीर महान म्हणजे तो?? माझा मुलगा त्याचा फॅन होता. हे घरात सांगतो आत्ता.

बंड्या_बॅट

आयपीएलमध्ये बघा ना, अ‍ॅरन फिंच नऊ संघ फिरला. आणि उनाडकट तर...

क्रिकेट_कट्टा

उनाडकटला दरवर्षी कुणीतरी घेतंच! २०१८ ला साडेअकरा कोटी लागले होते. ते पैसे वाया गेले असं माझं ठाम...

संपादक

आयपीएल लिलावासाठी स्वतंत्र धागा आहे. पुढचे नऊ प्रतिसाद तिकडे हलवले आहेत.

वाटसरू_ह्यूस्टन

धन्यवाद संपादक.

आम्हा ह्यूस्टनवाल्यांची एक आठवण राहिली होती. ११ जून २००३, यांकी स्टेडियम. अ‍ॅस्ट्रोजचा स्टार्टर रॉय ऑसवाल्ट दुसऱ्या इनिंगला जांघेतल्या दुखण्याने बाहेर. उरलेला सामना बुलपेनवर. मन्रो, सारलूस, लिज, दोतेल, वॅगनर. सहा जणांनी मिळून यांकीजना एकही हिट दिला नाही. ८-० जिंकले. यांकीजवर असा नो-हिटर १९५८ नंतर पहिल्यांदाच लागला.

आठव्या इनिंगमध्ये दोतेलने चार स्ट्राइकआउट केले. बाद तीनच करायचे असतात, मग चार कसे? तिसऱ्या स्ट्राइकचा बॉल कॅचरच्या हातातून निसटला तर बॅटर पळून पहिला बेस गाठू शकतो. म्हणजे बॉलरने केला स्ट्राइकआउट, पण माणूस बेसवर उभा. दोतेलने वैतागून न जाता पुढचेही उडवले. त्याचा फास्टबॉल बॅटच्या वरून जायचा. सगळ्यांना माहीत असायचं तोच येणार आहे, तरी लोक खालून बॅट फिरवायचे. मधूनच हात खाली करून कडेने टाकायचा, उजव्या बॅटरला तो पाठीमागून आल्यासारखा वाटायचा.

२००२ मध्ये याच्या जोरावर १.८५ चा ईआरए. तेव्हा तो क्लोजर नव्हता, वॅगनर होता.

फिजिओ_ताई

आता काय करतो तो? कोचिंग वगैरे?

मधुरा_के

ताई, तो गेला. ८ एप्रिल २०२५. सान्तो दोमिंगोमधल्या जेट सेट नाइटक्लबचं छत मध्यरात्रीनंतर कोसळलं, सोमवारच्या मेरेंगे संगीताच्या कार्यक्रमात. सव्वादोनशेहून जास्त माणसं गेली, ज्यांचं गाणं ऐकायला लोक जमले होते ते रूबी पेरेझही. दोतेलला ढिगाऱ्यातून जिवंत काढलं होतं, हॉस्पिटलच्या वाटेवर गेला. ५१ वर्षांचा होता. टोनी ब्लांको हा आणखी एक जुना खेळाडूही त्यातच गेला.

मघाशी पाचव्या सामन्यातल्या नेल्सन क्रूझचं लिहिलं ना, ज्याला दोतेलने मुद्दाम वॉक दिला. त्याची बहीण नेल्सी क्रूझ, मोन्ते क्रिस्ती प्रांताची गव्हर्नर, तीही त्याच दुर्घटनेत गेली.

फिजिओ_ताई

अरे देवा. माहीत नव्हतं.

सांगलीकर_अण्णा

भावपूर्ण श्रद्धांजली. त्या देशात बेसबॉल खेळणारा म्हणजे घरातला माणूस. २०१३ ची वर्ल्ड बेसबॉल क्लासिक डोमिनिकनने आठपैकी आठ सामने जिंकून घेतली, त्या संघात दोतेलही होता.

रात्रपाळी

विक्रमाचं पुढे काय झालं ते राहिलं. एडविन जॅक्सनने २०१९ मध्ये टोरांटोकडून खेळून चौदा केले. हा जॅक्सन २०११ मध्ये दोतेलसोबत एकाच ट्रेडमध्ये सेंट लुइसला आला होता. त्याच दिवशी आधी शिकागोहून टोरांटो आणि लगेच पुढे सेंट लुइस, त्यामुळे तेव्हा टोरांटोची टोपीही घातली नाही. आठ वर्षांनी तोच संघ चौदावा ठरला. जुलै २०२५ मध्ये रिच हिलने पंचेचाळिसाव्या वर्षी कॅन्सस सिटीकडून चौदाची बरोबरी केली. २०१५ मध्ये हा हिल लाँग आयलंडच्या स्वतंत्र लीगमधल्या संघात खेळत होता, मेजर लीगवाले विचारत नव्हते म्हणून. दोघेही मुख्यतः स्टार्टर मात्र. निव्वळ रिलीफवर तेरा गाठणारा दोतेलच.

विदावाला

निव्वळ नाही. मेट्सकडे आणि २००० मध्ये ह्यूस्टनला त्याने बरेच सामने स्टार्ट केलेत. वॅगनर जखमी झाला तेव्हा त्याला बुलपेनमध्ये हलवलं.

रात्रपाळी

बरं, 'मुख्यतः' वाचा.

जोशीबुवा

सगळं वाचलं. माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही. 'खोट असणार' हे धागाकर्त्याच्या सहकाऱ्याचं म्हणणं चूक, हे विदावाल्यांच्या सहा ट्रेडवरून मान्य. तेराव्या वेळी जो डेट्रॉइटने घेतला तो अडतीस वर्षांचा होता आणि त्याच मोसमात तो संघ वर्ल्ड सिरीजला गेला, हेही बघितलं. पण धरून ठेवावा असा कुणाला वाटला नाही हा माझा रकाना अजून रिकामाच आहे. यशस्वी म्हणा. रिव्हेराच्या ओळीत बसवू नका.

वाटसरू_ह्यूस्टन

बुवा, रिव्हेराच्या ओळीत मी कधी बसवला? ती ओळ एका माणसाची आहे. तुमच्या रकान्याचं उत्तर माझ्याकडे एकच: रिलीव्हरचा हात कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून शहाणे मालक त्यांना लांबचे करार देतच नाहीत. वर्ष-दोन वर्षं घेतात, जुलैमध्ये हरत असतील तर विकून दोन पोरं मिळवतात. पिट्सबर्गने तेच केलं, दोतेल देऊन मॅकडोनल्ड आणि लॅम्बो घेतले. दोतेल वाईट होता म्हणून नाही, विकण्यासारखा तोच होता म्हणून.

उद्या जेवताना त्या सहकाऱ्याला सहा ट्रेड सांगणार.

जोशीबुवा

सांगा. आणि तो काय म्हणाला ते इथे टाका.

चौथा_स्लिप

एक व्यावहारिक शंका. मला एखादा सामना बघायचाय, पण तीन तास जमणार नाही. कुठून लावू?

रात्रपाळी

सातव्या इनिंगपासून लावा, एका-दोन धावांचा फरक असलेला. भारतात सकाळचे साडेसात-आठ वाजलेले असतात, चहा घेत होऊन जातं. कॅमेरा बुलपेनवर गेला की कोण उठून हात फिरवतोय ते बघा.

चौथा_स्लिप

ठरलं. पोराला पण बसवतो. त्याला वीर महान यांच्यात होता हे अजून पटलेलं नाही.